विहिरीचा काठ आणि जहाजाचा कठडा

आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, निमोण्याला शेती करतात. शिरूर तालुक्यातलं हे आमचं गाव. घोड धरणाचं पाणी आलं तरी इकडचा पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे विहिरी खोल. साठ-सत्तर फुटांची विहीर पाहून इथे कुणी आश्चर्य करत नाही. दर उन्हाळ्यात गाळ काढायची वेळ आली, की दादा यारीच्या डब्यात उभे राहतात, एका हातानं दोर धरतात आणि खाली जातात. वर आले की काठावर उकिडवे बसून बिडी ओढतात. साठाव्या वर्षापर्यंत हे चाललं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या पोरांनी हट्ट धरला, म्हणून आम्ही सगळे मुंबईहून गोव्याला प्रवासी जहाजानं निघालो. दहा मजल्यांचं जहाज. संध्याकाळी सगळ्यांत वरच्या मजल्यावर गेलो. दादा कठड्यापाशी पोचले, खाली वाकून पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला, कपाळावर घाम, पाय लटपटत होते. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. मी आणि पुतण्यानं दोन्हीकडून धरून त्यांना भिंतीशी आणलं. आजूबाजूची काही माणसं हसली. ते हसू दादांना फार लागलं असावं, कारण रात्री ते जेवायलाही खोलीबाहेर आले नाहीत.

त्यांचा नातू नववीत आहे. त्यानं मला विचारलं, "आजोबा विहिरीला घाबरत नाहीत, मग इथंच का घाबरले?"

प्रश्न सोपा दिसतो, पण 'उंचीची भीती म्हणजे भित्रेपणा' या आपल्या समजुतीला तो खाली पाडतो. विहीर साठ फूट, जहाजाचा तो मजला पाण्यापासून ऐंशी-नव्वद फूट. आकड्यांत तसा फार फरक नाही. विहिरीत तर खाली खडक असतो. मग फरक कशात आहे?

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपण 'स्थिर' उभे असतो तेव्हा खरं तर स्थिर नसतोच. घोट्यापासून डोक्यापर्यंत शरीर सतत थोडं थोडं डोलत असतं. डोकं एखाद-दोन सेंटिमीटर पुढेमागे जातं आणि मेंदू ते पुन्हा जागेवर आणतो. यासाठी त्याच्याकडे तीन बातमीदार असतात. एक आंतरकर्ण : तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव आणि शेजारचे चुन्याचे सूक्ष्म कण डोक्याची हालचाल आणि कल सांगतात. दुसरा बातमीदार म्हणजे पायांचे तळवे, सांधे आणि स्नायू. तिसरा डोळे. डोळ्यांचं काम असं, की डोकं पुढे गेलं की समोरची वस्तू दृष्टिपटलावर किंचित सरकते आणि त्या सरकण्यावरून मेंदूला कळतं, 'आपण डोललो.'

आता गणित करू. समजा, डोकं बाजूला २ सेंटिमीटर सरकलं. समोरची भिंत १ मीटरवर असेल, तर ती डोळ्यांना १ अंशाहून थोडी जास्त सरकलेली दिसेल. भिंत ३ मीटरवर असेल, तर हे सरकणं ०.४ अंशाच्याही आत येतं. आणि समोरची सगळ्यांत जवळची वस्तू २० मीटरवर असेल, तर ते उरतं जेमतेम ०.०६ अंश. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. त्याच्या नवव्या हिश्श्याएवढं हे सरकणं. इतका बारीक बदल तोल सावरायला उपयोगी पडत नाही. म्हणजे उंच जागी, जिथे जवळ काहीच नाही, तिथे तिसरा बातमीदार जवळजवळ मुका होतो. शरीर नेहमीपेक्षा जास्त डोलू लागतं, पाय आणि कान ते सांगत राहतात, डोळे मात्र म्हणतात, 'मला तर काही हललेलं दिसलं नाही.' या विसंवादातून भोवळ आल्यासारखं वाटतं. थॉमस ब्रांड्ट या जर्मन मज्जाविकारतज्ज्ञानं आपल्या सहकाऱ्यांसह १९८० मध्ये ही मांडणी केली. जवळची स्थिर वस्तू साधारण ३ मीटरपेक्षा लांब गेली की हा त्रास सुरू होऊ शकतो, असं त्यांना आढळलं.

हे वर्गात पडताळता येतं, आणि त्यासाठी गच्चीवर चढायची मुळीच गरज नाही. मुलांना मैदानावर जोड्यांनी उभं करा. एकानं एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्यानं शेजारी थांबून सेकंद मोजायचे आणि तोल गेला तर धरायचं. पहिल्यांदा हातभर अंतरावरच्या भिंतीकडे पाहत. मग मोकळ्या मैदानाकडे तोंड करून, लांबच्या डोंगराकडे पाहत. मग डोळे मिटून. शेवटी मान वर करून सरकत्या ढगांकडे पाहत. चारही वेळांचे आकडे फळ्यावर मांडा. (मान वर केली की आंतरकर्णाची नेहमीची ठेवण बदलते, म्हणून शेवटचा फरक सगळाच डोळ्यांच्या खात्यावर टाकू नये. नववी-दहावीच्या मुलांनी हा आक्षेप स्वतःहून घेतला, तर तास सार्थकी लागला म्हणायचं.)

आता विहिरीकडे परत येऊ. काठावर उभ्या दादांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काय काय असतं? पायाखालचा मुरूम, मोटारीचा पाइप, यारीचे खांब, शेजारची बाभूळ. समोर तीस फुटांवर विहिरीची दुसरी बाजू, तिच्यात खडकाचे थर, कपारी, पारव्यांची घरटी. डब्यातून खाली उतरताना तर चहूबाजूंनी भिंत जवळच. डोळ्यांना धरायला भरपूर आहे आणि त्यातलं काहीही हलत नाही. शिवाय चाळीस वर्षांची सवय.

जहाजावर यातलं काहीच नव्हतं. कठडा गजांचा, आरपार दिसणारा. पलीकडे पहिली वस्तू म्हणजे पंचवीस-तीस मीटर खालचं पाणी, आणि तेही स्थिर नाही. फेसाचे पट्टे मागे पळत असतात. दौंड जंक्शनवर आपण थांबलेल्या गाडीत बसलेलो असताना शेजारची गाडी सुटली, की क्षणभर आपलीच गाडी निघाल्यासारखी वाटते ना? नजरेचा मोठा भाग सरकू लागला की मेंदू 'मीच सरकतोय' असा अर्थ लावतो. कठड्यावरून वाकून फेसाकडे पाहणाऱ्याला तसंच वाटतं, फक्त इथे सरकणं म्हणजे पडणं.

त्यात जहाज स्वतः डोलतं. हे डोलणं झोपाळ्यासारखं नसून उलट्या लंबकासारखं असतं : खाली कमी, वर जास्त. समजा, जहाज फक्त ३ अंश कललं आणि आपण त्याच्या डोलण्याच्या अक्षापासून २० मीटर वर आहोत, तर आपण बाजूला सुमारे १ मीटर सरकतो. आधुनिक प्रवासी जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखासारखे पट्टे असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. पण पूर्ण थांबवत नाहीत. म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्यावर दादांचे तिन्ही बातमीदार तीन वेगळ्या बातम्या आणत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, "मास्तर, विहिरीत निदान समोरचा खडक तरी असतो. इथं नजर टेकवायची कुठं?" ब्रांड्टच्या निष्कर्षाचं याहून नेमकं मराठी मला करता आलं नसतं.

अर्थात भोवळ वेगळी आणि भीती वेगळी. भोवळीनं सुरुवात होते, मग छाती धडधडते, माणूस अंग आखडून घेतो, मान हलवायची टाळतो आणि त्यामुळे तोल सावरणं आणखी कठीण होतं. उंचीवर काही तरी अस्वस्थ वाटण्याचा अनुभव असलेली माणसं थोडी नाहीत. जर्मनीत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत २८ टक्के लोकांनी तसं सांगितलं. आठ ते दहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश आढळलं, आणि बऱ्याच मुलांत ते वयाबरोबर आपोआप ओसरतं. म्हणजे साठ मुलांची सहल गडावर नेली, तर त्यातली बरीच मुलं आतून घाबरलेली असू शकतात. बोलून दाखवणारी दोन-तीनच.

उंचीपासून दूर राहणं आपण फार लवकर शिकतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेचं टेबल, अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. काच सलग, पण दिसायला कडा. सहा ते चौदा महिन्यांच्या ३६ बाळांपैकी २७ बाळं आईच्या हाकेला ओ देत उथळ बाजूवर रांगली. कड्याच्या बाजूवर गेली फक्त तीन. पुढच्या संशोधनात दिसलं, की या टाळण्यात रांगण्याच्या अनुभवाचा मोठा वाटा असतो. तेव्हा उंचीचं भान हा दोष नव्हे. कठडा नसलेल्या विहिरीशी खेळणाऱ्या पोराला ते असलेलंच बरं.

प्रश्न येतो तो भान प्रमाणाबाहेर गेल्यावर. यावरचा उपाय एका कवीनं स्वतःवर करून पाहिला होता. जर्मन कवी गटे १७७०-७१ मध्ये स्ट्रासबुर्गला शिकत होता. त्याला उंचीचा त्रास होता. तिथल्या चर्चच्या उंच मनोऱ्यावर तो एकटाच चढायचा, थोडा वेळ आत बसून राहायचा आणि मग हातभर चौकोनी जागेवर बाहेर येऊन उभा राहायचा. पुन्हा पुन्हा असं केल्यावर भीती गेली, असं त्यानं आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्याचं तत्त्व बरोबर, पद्धत मात्र कुणी उचलू नये. जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञानं १९५८ च्या आपल्या पुस्तकात याची सौम्य, पायरी-पायरीची रीत मांडली. अलीकडे हे काम आभासी चित्रांच्या चष्म्यानंही होतं. ऑक्सफर्डमध्ये १०० स्वयंसेवकांवर केलेला असा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. उपचार घेतलेल्यांची भीती सरासरीनं सुमारे दोनतृतीयांशानं कमी झाली.

शाळेत चष्म्याची गरज नाही. घाबरणाऱ्या मुलीला पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी करा. भीती शून्य ते दहामध्ये किती, हे तिलाच सांगू द्या. सात म्हणाली तर तिथेच थांबायचं, गप्पा मारायच्या. आकडा तीन-चारवर आला की एक पाऊल पुढे. आकडा ऐन वर असताना पळून आलं, तर मन शिकतं की 'पळाले म्हणून वाचले'. थांबून तो उतरू दिला, तर शिकतं की 'काही झालं नाही'. पाऊल मात्र तिनंच टाकायचं. मागून ढकलणं, हात धरून ओढणं, 'एवढं काय त्यात' म्हणणं यानं भीती पक्की होते, हे मी माझ्याच जुन्या चुकांवरून सांगतो. सपाट जमिनीवरही गरगरत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावं. भीतीमुळे जिना, पूल टाळण्यापर्यंत वेळ आली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अनुभवी मंडळी पालथी पडून खाली पाहतात, ते उगाच नाही. पालथं पडलं की तोल सावरायचं कामच उरत नाही. शिडांच्या जहाजांवर डोलकाठीवर चढणाऱ्या खलाशांचा नियम होता, एक हात जहाजासाठी आणि एक स्वतःसाठी. हाताचा नुसता आधारही मेंदूला चौथा बातमीदार पुरवतो.

आम्ही दादांबरोबर हेच केलं. सकाळी त्यांना वर नेलं नाही. खालच्या चौथ्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याशी, जिथे डोलणं सगळ्यांत कमी, तिथे भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसवलं. फेसाकडे पाहायचं नाही, क्षितिजाकडे पाहायचं. ती रेघ हलत नाही आणि जहाज किती कललं ते खरं सांगते. शेजारचा खांब नजरेच्या कोपऱ्यात राहील अशी खुर्ची सरकवली. तासाभरानं ते खांबाला हात लावून उभे राहिले. दुपारी कठड्यापासून दोन पावलांवर आले. नातू दर वेळी आकडा विचारून वहीत लिहीत होता : आठ, सहा, सहा, सात, चार.

परतीच्या रात्री ते कठड्याला एक हात लावून मासेमारी बोटींचे दिवे मोजत होते. सगळ्यांत वरच्या मजल्यावर ते काही गेले नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही.