मूल कमी बोलतं, म्हणजे कमी आहे का?

भोर-वेल्हे भागातल्या पालकसभांत आम्हाला दरवर्षी एक वाक्य ऐकू येतं, "सर, पोरगं लई घुमं आहे, जरा बोलायला शिकवा." तेवढ्यात मागून दुसरी आई म्हणते, "आमची तर घडीभर गप्प बसत नाही!" दोघीही काळजीत. खरं तर दोन्ही मुलांत बिघाड काहीच नसतो.

अंतर्मुख आणि बहिर्मुख, उर्दूत दरूंबीं आणि बेरूंबीं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या पुस्तकाने ही विभागणी जगभर पोहोचवली. साधं उदाहरण घ्या. ईदला घर पाहुण्यांनी भरलं की काही मुलं फुलतात. काही मुलं शीरखुर्मा संपवून गच्चीवर एकटी जाऊन बसतात. एकाला माणसांत तरतरी येते, दुसऱ्याला एकांतात. बहुतेक लोक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, म्हणून शिक्का मारायची घाई नको.

लाजाळूपणा मात्र वेगळा. त्यात बोलायची इच्छा असते, पण भीती आडवी येते. बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधीजींना मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात तोंड उघडता आलं नाही. त्यांनी ३० रुपये फी परत केली. पुढे त्यांच्या बोलण्याने देश हलला. भीती सरावाने कमी होते. स्वभाव हा काही आजार नाही.

आमचंही चुकलं आहे. हात वर करील तोच हुशार, असं आम्ही बरीच वर्षं धरून चाललो. एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'सहभाग कमी' असा शेरा मारला. नंतर तिची वही नीट वाचली. आम्ही वर्गात विचारलेल्या प्रश्नांच्या पुढचे प्रश्न तिने समासात लिहून ठेवले होते!

तेव्हापासून प्रश्न विचारला की आम्ही मिनिटभर थांबतो. आधी शेजाऱ्याला उत्तर सांगायचं, मग वर्गाला. बोलक्या मुलांनाही यातून ऐकायची सवय लागते. घरीही हे जमेल. पाहुण्यांसमोर "बोल ना, मुका आहेस का?" एवढं तरी म्हणू नका. गप्प मुलाला मुलाखतीपुरतं नीट बोलता यावं, बोलक्याला तासभर एकट्याने अभ्यास करता यावा. विकास म्हणजे एवढंच, स्वभाव बदलणं नव्हे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कालपर्यंत बोलणारं मूल एकाएकी गप्प झालं, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसा, विचारा, आणि उत्तराची वाट पाहा.