चव्वेचाळीस फेऱ्या

पोलिकार्पोव्हच्या आय-16 विमानानं जमीन सोडली की वैमानिकापुढचं पहिलं काम म्हणजे चाकं आत घेणं. बटण दाबून ती आत जात नसत. उजव्या हाताशी एक हँडल होतं. ते 44 वेळा फिरवावं लागे. तेवढा वेळ उजवा हात अडकलेला, म्हणून स्टिक डाव्या हातात. मॉस्कोच्या वनसी-मॅडॉक्स गेम्सनं ‘आयएल-2 स्टुर्मोविक’ या सिम्युलेटर-मालिकेत हे कष्ट गाळले नाहीत. तिथंही एक कळ पुन्हा पुन्हा दाबत राहावं लागतं, आणि तोवर नाक भलतीकडे वळणार नाही हे सांभाळावं लागतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला झालेला आनंद एखादं विमान पाडल्यापेक्षा मोठा होता.

ओलेग मॅडॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला हा सिम्युलेटर 2001मध्ये आला. पुढं त्यात भर पडत गेली आणि 2006च्या ‘1946’ या आवृत्तीत स्वतः उडवता येतील अशी दोनशेहून अधिक विमानं झाली. त्यातली काही कधी कागदाबाहेर आलीच नव्हती. त्यांच्यात माझं मन रमत नाही. नंतर टीम डायडॅलॉस या हौशी मंडळींनी मूळ निर्मात्यांच्या संमतीनं सुधारणा सुरू ठेवल्या आणि त्या फुकट वाटल्या. आजच्या नजरेला यातली जंगलं एकावर एक अंथरलेल्या हिरव्या कागदांसारखी दिसतात. पण तेव्हाच्या संगणकाची तुटपुंजी ताकद या लोकांनी कशावर खर्च केली ते बघावं: रेडिएटर उघडा ठेवला तर वेग कमी होतो, बंद ठेवला तर इंजिन तापतं. पंख्याच्या पात्यांचा कोन, इंधन-हवेचं मिश्रण, सगळं आपल्या हाती. विमान ओळखायचं ते त्याच्या खोडींवरून, हे या माणसांना पक्कं कळलं होतं.

हरिकेनची खोड तर इतिहासातच नोंदली गेली आहे. हरिकेन आणि स्पिटफायर या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं आणि त्याला कार्बुरेटर होता. वैमानिकानं स्टिक एकदम पुढं ढकलली की जसे आपण सीटवरून वर उचलले जातो, तसं कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही वर उसळे. इंजिन क्षणभर उपाशी राही, मग एकाएकी जादा पेट्रोल आत शिरून गुदमरे. जर्मन मेसरश्मिट 109मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, त्यामुळं त्याला ही अडचण नव्हती. मागं हरिकेन लागलं की जर्मन वैमानिक सरळ नाक खाली घाली आणि निसटे. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटं करून मग त्याच्यामागं सूर मारावा लागे. फार्नबरोच्या संशोधनसंस्थेतल्या बिअट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीनं 1941मध्ये यावर तोडगा काढला: पेट्रोलच्या वाटेत बसवायचं, अंगुस्तानाच्या आकाराचं, मोजून भोक पाडलेलं पितळी बूच. इंजिनला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून पुढं जाई. बाई स्वतः ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती गाजवलेल्या. बुचं बसवायला विमानतळ ते विमानतळ त्या मोटरसायकलवरूनच फिरल्या.

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. पण सिम्युलेटरमध्ये 109च्या मागं जाताना मी नाक खाली ढकललं आणि हरिकेनच्या इंजिनाचा ठसका ऐकला, तेव्हा त्या पितळी तुकड्याची किंमत समजली.

ज्या विमानाचं नाव या सिम्युलेटरला दिलं आहे, ते इल्यूशिनचं आयएल-2 चपळ मुळीच नाही. इंजिन आणि वैमानिक यांच्याभोवतीचं पोलादी कवच हाच त्याच्या पुढच्या भागाचा सांगाडा. एरवी चिलखत वरून चढवतात, इथं विमानच चिलखताचं. अशी 36 हजारांहून अधिक विमानं बनली. पडद्यावरही ते बैलगाडीसारखं शांतपणे वळतं आणि पंखांना भोकं पडली तरी घरी आणतं. घाई करणाऱ्यानं त्यात बसू नये.

या सिम्युलेटरमध्ये विमानाचा रंग आपण स्वतः देऊ शकतो. एक चित्र-फाइल करायची आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. मी केलेलं हरिकेन भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचं आहे. 1944मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हे स्क्वाड्रन इंफाळच्या लढाईत हरिकेनवरून टेहळणी करत होतं. ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळाकार खुणेत मधोमध लाल ठिपका असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य होता आणि आपल्याच तोफांनी आपलंच विमान पाडण्याची भीती होती. म्हणून माझ्या हरिकेनच्या पंखांवर गडद निळ्यात फिकट निळा आहे. खालच्या डोंगररांगा इंफाळच्या नाहीत. तरी त्यांच्यावरून मी ते नेहमी खालून, झाडांना लागून उडवतो, आणि नाक खाली घालायचं असलं की आधी विमान उलटं करतो.