म्हादेईवरची रोजची कामं

गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी नावाचं बेट आहे. तिथल्या रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी ५६ फूट. लाकडाचा गाभा, त्यावर फायबरग्लासचे थर आणि वर सुमारे २५ मीटर उंच डोलकाठी. १९ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात, कमांडर दिलीप दोंदे एकटेच तिच्यावर चढून मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन असे चार थांबे घेत मे २०१०मध्ये ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

ही हकिगत आपण साहसकथा म्हणून वाचतो, आणि साहस त्यात आहेच. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावच्या वाचकाला मला तिची दुसरी बाजू सांगायची आहे. एवढ्या लांबच्या फेरीत बहुतेक दिवस जातात ते देखभालीत. वाऱ्यावर कुणाचा ताबा नसतो. त्या वाऱ्यात नौका टिकवण्यासाठी रोज हात चालवावे लागतात.

सकाळी उजेड झाला की आधी नौकेभोवती एक फेरी. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांची एखादी तार तुटली आहे का, कुठली पिन सैल झाली आहे का, शिडाची शिवण उसवली आहे का, हे बघायचं. शिडाचा दोर एकाच कप्पीवर एकाच जागी दिवसरात्र घासत राहिला, की जाड असला तरी तुटतो. म्हणून तो अधूनमधून थोडा सरकवून घासणारी जागा बदलायची. तळात साचलेलं पाणी उपसायचं, पण त्याआधी ते बोटाला लावून चाखायचं. खारट लागलं तर समुद्र आत येतोय, गोडं लागलं तर आपलीच टाकी गळतेय. मीठ तर सगळीकडे पोचतं. कपडे वाळले तरी त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ते पुन्हा दमट होतात. विजेच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो, तो खरवडून काढावा लागतो.

झोपेची गोष्ट वेगळीच. माणूस एकटा असला तर सलग झोप नसते. तुकड्यातुकड्यांत डोळा लावायचा, उठून क्षितिजावर कुठलं जहाज आहे का ते बघायचं, आणि पुन्हा आडवं व्हायचं. तेवढ्या वेळात सुकाणू सांभाळायला एक साधं यंत्र असतं. नौकेच्या मागच्या टोकाला वाऱ्याची पाती बसवलेली असते. नौका वाऱ्याच्या कोनातून सरकली की पाती कलते आणि दोरांच्या मदतीनं सुकाणू फिरवून नौकेला पुन्हा त्याच कोनात आणते. त्याला वीज लागत नाही. माझ्या मते नौकेवरची ही सगळ्यात देखणी वस्तू आहे.

स्वयंपाकाची शेगडी दोन खिळींवर झुलती ठेवलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भांडं सपाट राहतं. नौदलाच्या अशा सफरींसाठी म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं तयार जेवणाची पाकिटं पुरवली. २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी याच म्हादेईतून कुठंही न थांबता एकट्यानं जगाला फेरी मारून आले. त्यांच्या गोड्या पाण्यात वाटेत डिझेल मिसळलं आणि पावसाचं पाणी धरून ठेवायची पाळी आली. भर समुद्रात पावसाची वाट बघणं काय असतं, ते जून महिन्यात आभाळाकडे बघत बसणाऱ्या आपल्या भागाला समजावून सांगायला नको.

हवामानाचंही तसंच. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा म्हटलं की आपल्याकडे पेरणी, फवारणी, वेचणीची गणितं बदलतात. नाविकही हेच शब्द ऐकतो, पण त्याला ते थेट अंगावर घ्यावे लागतात. दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली पश्चिमेचे वारे अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं पूर्वेकडे सरकत असतात. वायुभारमापकाचा आकडा उतरू लागतो, वायव्येचा वारा चढतो. क्षेत्र पुढं सरकलं की आकडा वर येतो आणि वारा नैर्ऋत्येकडे वळतो. धोका खरा तेव्हा असतो. जुन्या वाऱ्याच्या लाटा अजून शमलेल्या नसतात आणि त्यांच्यावर नव्या दिशेच्या लाटा आडव्या येऊन आदळतात. म्हणून वारा येण्याआधीच शीड लहान करून घ्यायचं. वारा आल्यावर तेच काम दसपट अवघड होतं.

या साऱ्या परंपरेला मुंबईचं एक जुनं टोकही आहे. जगाला न थांबता एकट्यानं पहिली फेरी मारणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ला निघून २२ एप्रिल १९६९ला परतले. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. अटलांटिकमध्ये तिच्या तळाच्या फळ्यांची सांध फाकली आणि पाणी आत येऊ लागलं. पाण्यात बुडी मारून त्यांनी सांधेत कापूस भरायचा प्रयत्न केला. तो टिकेना, तेव्हा कापूस लांबट कॅनव्हासच्या पट्टीवर शिवून डांबर लावलं, आणि खाली जाऊन ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांधेवर ठोकली. साग आणि कापूस! यवतमाळ जिल्ह्याच्या माणसाला या दोन्हींची ओळख कुणी करून द्यायची गरज नाही.

दोंदे पुढं याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकले. दोंद्यांना या वाटेवर धाडणारे होते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायला गेले होते. भारतीयानं एकट्यानं शिडावर जग फिरावं, हा ध्यास त्यांनी सातारा जिल्ह्याच्या त्या कोरड्या भागात बसून जपला. समुद्र दारात असलेल्यांनाच समुद्राची ओढ असते असं मानणाऱ्यांनी आवटींचं हे गाव लक्षात ठेवावं.

म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ही दिवाडीलाच तयार झाली. वर्तिका जोशी आणि पाच सहकारी अधिकारी महिला १० सप्टेंबर २०१७ला तिच्यातून गोव्याहून जगफेरीला निघाल्या आणि २१ मे २०१८ला परतल्या. परतीला सुकाणूत बिघाड झाल्यानं ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. या बातमीकडे काहींनी अपशकुन म्हणून पाहिलं असेल. मला त्यात नीट चाललेलं काम दिसतं. बिघाड वेळेत ओळखला, बंदर गाठलं, दुरुस्ती केली आणि पुढं निघाल्या. २ ऑक्टोबर २०२४ला नौदलाच्याच दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन जगफेरीला गेल्या आणि २९ मे २०२५ला परत आल्या. दोघींच्या नौकेवर एकीची झोप म्हणजे दुसरीचा पहारा. वाटेतल्या प्रत्येक बंदरात जमिनीवर पाय ठेवल्यावरही त्यांच्यापुढं कामांची यादी होतीच: शिडं उतरवून तपासायची, तारा ताणायच्या, सुटे भाग बदलायचे, शिधा भरायचा.