तुरीच्या खोडातली काळी रेघ

फुलोऱ्यात आलेलं तुरीचं झाड मान टाकतं तेव्हा बघवत नाही. शेजारची झाडं पिवळ्या फुलांनी लदलेली, जमिनीत ओल, आणि हे मात्र वाळत चाललेलं. नोव्हेंबरात असंच एक झाड आमच्या प्रयोगशाळेत आलं. बुंध्यावरून जांभळट पट्टा चढलेला होता. साल सोलली, तर आत काळी रेघ. पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजल्या होत्या.

शेतकरी याला मर म्हणतो. पण साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरानं वाळणाऱ्या तुरीलाही तो मरच म्हणतो, आणि मुळं कोरडी कुजून मेलेल्या हरभऱ्यालाही. फायटोफ्थोरा ही तर खरी बुरशीसुद्धा नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तिच्यावर चालत नाही. ओळख चुकली की औषधाचा खर्च मातीत जातो.

रेघेचे तुकडे निर्जंतुक करून बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर ठेवले. काही दिवसांत पांढरी, कापसासारखी वाढ आली. सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखे बीजाणू दिसले, टोकाशी आकड्यासारखे वळलेले. संशय फ्युजेरियम उडम या बुरशीवर गेला. हे नाव बटलर यांनी १९१० मध्ये दिलं. पण फ्युजेरियमच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखताना जाणतेही चुकतात.

म्हणून डीएनए. बुरशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायची. ती भुकटी पेशी फोडणाऱ्या सीटॅबच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवायची, मग क्लोरोफॉर्म घालून फिरवायची. नळीत थर पडतात, आपल्याला हवा तो फक्त वरचा, पाण्यासारखा नितळ. तो पिपेटनं ओढताना मी श्वास रोखते. मधल्या पांढऱ्या थराला टोक लागलं की प्रथिनं वर येतात आणि पुढचं सगळं बिघडतं. आयसोप्रोपॅनॉल घालून नळी हळूच उलटसुलट केली की धाग्यांचा एक धूसर गुंता तरंगतो. इतक्या वर्षांनंतरही तो दिसला की मन हलकं होतं.

डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्राचं काम त्यामानानं सोपं: तापव, निवव, पुन्हा तापव, ३५ वेळा. भेसळ कळावी म्हणून एका नळीत डीएनए न घालता नुसतं पाणी ठेवतो. पहिल्या खेपेला जेलवर त्या पाण्याच्या नळीतही पट्टा उमटला. कुठून तरी भेसळ झाली होती. दिवसभराचं काम टाकून दिलं, सगळी द्रावणं नव्यानं केली.

दुसऱ्या खेपेला पाणी कोरं राहिलं, मग तुकड्यांचे क्रम वाचून घेतले. डीएनएतल्या आयटीएस नावाच्या तुकड्यानं फ्युजेरियम एवढंच सांगितलं, कारण जवळच्या जातींत तो फारसा फरक दाखवत नाही. टीईएफ जनुकाच्या क्रमानं जात पटली: उडम. तरीही हीच बुरशी निरोगी रोपांना लावून, ती मरतात का आणि त्यांच्यातून तीच परत निघते का, हे पाहिल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींना एवढीच विनंती: पूर्ण वाळलेलं झाड पाठवू नका, त्यावर कुजवणाऱ्या इतर बुरश्या आधीच चढलेल्या असतात. अर्धवट सुकलेलं झाड मुळांसकट उपटा, कागदात गुंडाळा, आणि त्याच दिवशी पाठवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.