सुई बघा, मग प्लेअर घ्या

जुन्या गाण्यांचा कार्यक्रम झाला की गटाच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, "ताई, आमच्या माळ्यावर तबकड्या पडल्यात, वाजतील का?" बऱ्याचशा वाजतील. त्यासाठी जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर आणायचा बेत होतो. तिथे लाकूड, रंग, झाकण बघून भाव ठरतो. सगळं काम जिच्यावर, ती सुई मात्र कुणी बघत नाही. विकणारा म्हणतो, "चालू आहे की!" चालू तर झिजलेली सुईही असते. पण ती वाजता वाजता तबकडी खरवडते, आणि खरवडलेली तबकडी पुन्हा नीट होत नाही.

हे होतं कसं, ते ऐका. प्लेअरच्या दांडीच्या टोकाला छोटी डबी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. तिच्यातून केसासारखी बारीक काडी निघते आणि काडीच्या टोकाला हिऱ्याचा किंवा नीलमचा कण असतो. तबकडीवरच्या चराच्या दोन भिंतींना हा कण गोल अंगाने टेकतो. झिजला की दोन्ही बाजूंनी सपाट होतो आणि कडेला धार येते. मग ती सुई राहत नाही, पटाशी होते. हिऱ्याचा कण साधारण 500 ते 1000 तास टिकतो, नीलमचा त्याहून खूपच कमी. रोज तासभर वाजवलं तर 500 तास दीड वर्षातच भरतात. विकणाऱ्याला मागचा हिशोब कुठून माहीत असणार?

म्हणून आधी डोळ्यांनी बघा. समोरून काडी सरळ आहे का, कण जागेवर आहे का? सोनाराकडचं भिंग मिळालं तर उत्तम. टोकावर धुळीचा गोळा असेल तर मऊ कोरड्या ब्रशने मागून पुढे झाडा. बोट लावू नका, काडी मोडते. मात्र भिंगातून मोडतोड दिसते, थोडी झीज दिसत नाही. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि उजेड खालून नाही, वरून टॉर्चने पाडावा लागतो. सपाट जागा असेल तर ती चमकते. दांडीवर नाणं चिकटवलेलं दिसलं, तर सुई उड्या मारते म्हणून वजन वाढवलंय असं समजा. असा प्लेअर नुसता बघून परत ठेवा.

मग कानांनी. गाण्याची तबकडी लावायला सांगा, पण त्याचीच; आपली आजीच्या काळातली तिथे लावायची नाही. कडेला गाणं स्वच्छ आणि मधल्या कागदाजवळ 'स', 'श', 'च' फाटल्यासारखे ऐकू आले, तर संशय घ्या. दोष तबकडीचाही असू शकतो, म्हणून दुसरी लावून बघा. दोन्हीत तोच खरखराट असेल तर बहुधा सुईच गेली. कार्ट्रिजचं पोट तबकडीला घासत असेल, तर काडीला धरणारं रबर बसलंय. रबर न वापरताही वयाने बिघडतं. म्हणून "सीलबंद जुनी सुई" ऐकून हुरळू नका.

आपल्या तबकड्या कोणत्या, तेही बघून जा. जड, पडली की फुटणारी, मिनिटाला 78 फेरे घेणारी ती लाखेची. हो, बांगड्यांची असते तीच लाख. तिचा चर रुंद असतो. नंतरच्या प्लास्टिकच्या, 33 फेऱ्यांच्या तबकडीचा चर अरुंद. दोघींची सुई वेगळी. प्लास्टिकची बारीक सुई लाखेच्या चरात तळाशी खडखडत राहते. काही जुन्या प्लेअरमध्ये खटका फिरवला की दुसरी सुई खाली येते. असेल तर दोन्ही तपासा. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई मात्र एका बाजूपुरतीच असते, आणि प्लास्टिकच्या तबकडीला ती कधीच लावायची नाही.

भाव करताना नव्या सुईची किंमत आधीच वजा धरा. सुई ओढून निघते का विचारा आणि कार्ट्रिजवरचा नंबर कागदावर लिहून घ्या. त्या नंबराची सुई आज मिळते का, हे मोबाईलवर बघूनच पैसे मोजा. मिळत नसेल, तर दुसरं कार्ट्रिज बसतं का, हे दुरुस्तीवाल्याला दाखवून मगच ठरवा.