बर्फावर शिडाची स्वारी

मैत्रिणींनो, शीड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मालवणचा नाही तर अलिबागचा समुद्र. पण पाणीच गोठून दगड झालं, तर शीड काय घडी घालून माळ्यावर टाकायचं? थंड देशांतली हौशी माणसं तसं मुळीच करत नाहीत.

फळीवर उभं राहून, हातात शीड धरून एकट्यानं पाण्यावर पळायचं, या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. हिवाळ्यात त्याच शिडाखाली पोलादी पात्यांची फळी जोडली की गोठलेल्या तळ्यावरची स्वारी तयार! मऊ, भुसभुशीत हिम असेल तर पात्यांऐवजी स्की, म्हणजे लांब घसरपट्ट्या लावतात. बसून चालवायच्या बर्फनौकाही असतात. 'डेट्रॉइट न्यूज' या अमेरिकन वर्तमानपत्राच्या कार्यशाळेत १९३७ च्या सुमारास तयार झालेली 'डीएन' ही छोटी नौका आजही लोकप्रिय आहे.

गंमत म्हणजे चांगली बर्फनौका वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगानं पळते! वारा ढकलणार आणि नौका त्याच्याही पुढे जाणार, हे कसं? सायकल आठवा. वारा पडलेला असला तरी सायकल पळवली की तोंडावर वारा येतोच ना? तसंच इथं. नौका वाऱ्याला आडवी पळते, तेव्हा तिच्या वेगामुळे लागणारा वारा मूळ वाऱ्यात मिसळतो आणि शिडाला आणखी जोर मिळतो. पाणी हा वेग अडवतं, गुळगुळीत बर्फ फारसा अडवत नाही. थांबायचं झालं तर वाऱ्याकडे तोंड वळवायचं नि शीड सैल सोडायचं.

पण खरं कसब आहे ते बर्फ ओळखण्यात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून गार पाणी वर राहतं, म्हणून दुधावर साय धरावी तसा बर्फ वरच धरतो. आणि सायीसारखाच तो सगळीकडे सारखा नसतो, बरं का! झऱ्यांपाशी, ओढ्याच्या तोंडाशी तो पातळ असतो. नुसतं चालायलासुद्धा निदान ४ इंच पारदर्शक, घट्ट बर्फ हवा. पांढुरका दुधी बर्फ त्याच्या निम्माच मजबूत धरायचा. म्हणून जागोजागी गिरमिटानं भोक पाडून जाडी मोजतात.

जाणकार गळ्यात लाकडी मुठींचे दोन टोकदार खिळे अडकवतात. बर्फ फुटून पाण्यात पडलंच, तर पहिलं मिनिटभर फक्त श्वास सावरायचा. हातापायांत जोर राहतो जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात आलो त्याच बाजूला वळायचं, कारण तिथल्या बर्फानं आपलं वजन पेललेलं असतं. खिळे रोवून, पाय मारत बाहेर यायचं, आणि लगेच उभं न राहता लोळत दूर जायचं.

आपल्यापैकी कितीजणींची मुलं-नातवंडं आज अमेरिका-कॅनडात आहेत! त्यांना एवढं जरूर सांगा. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या मेंडोटा तळ्याची नोंद १८५० च्या दशकापासून ठेवलेली आहे. तेव्हाच्या मानानं आता ते वर्षाकाठी सुमारे महिनाभर कमी गोठलेलं असतं. तेव्हा 'दरवर्षी या तारखेला तळं पक्कं असतं' हा जुना हिशेब आता चालायचा नाही. तारखेवर नव्हे, गिरमिटावर विसंबायचं!