गाडी का अडखळते?



घरात सायकलचा पंप आहे ना? मग पुढं वाचण्याआधी एक गंमत करून बघा. पंपाच्या नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दांडा जोरात खाली दाबा. दांडा मध्येच अडतो आणि सोडला की उसळी मारून वर येतो. आता अंगठा जरासा सैल करा. फुस्स! दांडा सहज तळाला जातो.

हे ‘फुस्स’ लक्षात ठेवा. माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल या ‘फुस्स’मुळेच बिघडली होती आणि ते कळायला आम्हांला पंधरा दिवस लागले.

भाऊ गावी असतो. रोज पहाटे मोटारसायकलला दुधाचे दोन कॅन अडकवायचे आणि अकरा किलोमीटरवरच्या संकलन केंद्रात पोचवायचे, हे त्याचं काम. मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले, तर गाडीनं नखरे सुरू केलेले. थंड असताना चालू व्हायची. पण तीन-चार किलोमीटर गेली की झटके खायची, फट्‌फट्‌ करायची, चढावर दम टाकायची. गॅरेजवाले याला म्हणतात, ‘गाडी मिसिंग करते.’ उन्हाळ्याचे दिवस. दोनदा दूध केंद्रावर पोचेपर्यंत नासलं आणि परत आलं.

भावानं काय काय केलं? नवा प्लग घातला. कार्बोरेटर साफ केला. कॉइल बदलली. पैसे गेले, मिसिंग तसंच! शेवटी गॅरेजमध्ये गर्दीच्या वेळी कुणीतरी आवाज ऐकून सांगितलं, “बोअर गेलाय. इंजिन खोलावं लागेल.”

त्यासाठी लागणारे पैसे घरात होते, पण ते भाच्याच्या सायकलसाठी ठेवलेले. जूनपासून त्याला पाच किलोमीटरवरच्या हायस्कुलात जायचं होतं. तो काही बोलला नाही. मात्र त्या रात्री नीट जेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आप्पा आले. आप्पा एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सगळं ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाले, “खोलायचं तर खोल बाबा. पण आधी मोजलंस का?”

“काय मोजायचं, आप्पा?”

“तेच तर! डॉक्टर नाडी न बघता पोट फाडतो का?”

मग आप्पांनी भाच्याला वही आणायला सांगितली. पानावर दोन रकाने पाडले. एकात ‘काय केलं’, दुसऱ्यात ‘काय दिसलं’. “आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची. दोन केल्या, तर गुण कशानं आला ते कळत नाही.”

दोस्तांनो, आता इंजिनाच्या पोटात डोकावू. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं. आजची पेट्रोलची बहुतेक इंजिनं तेच चार टप्पे पाळतात. पहिल्यात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो. दुसऱ्यात वर येऊन ते मिश्रण दाबतो. तिसऱ्यात ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि दट्ट्या जोरानं खाली ढकलला जातो. चौथ्यात जळका वायू बाहेर. इंजिनाचा दांडा मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा मिश्रण पेटायला हवं. त्यातलं एखादं पेटलं नाही की बसतो झटका. तेच मिसिंग!

म्हणजे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी, या तिन्ही गोष्टी हव्यात. मिश्रणाची बाजू कार्बोरेटर साफ करताना पाहून झाली होती. राहिल्या दोन.

पहिली परीक्षा : ठिणगी

आप्पांनी इंजिनावरचा प्लग जागेवरच ठेवला. फक्त त्याची टोपी काढली आणि ती दुसऱ्या चांगल्या प्लगला लावली. या प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवला आणि भावाला किक मारायला सांगितलं. टच्‌! निळसर, ठसठशीत ठिणगी. दहा किक, दहा ठिणग्या. मग भावानं घातलेला प्लग काढून तसाच तपासला, त्या वेळी चांगला प्लग इंजिनात बसवून भोक बंद ठेवलं. तोही पास! ठिणगी पिवळट, बारीक किंवा मधूनच गायब असती, तर दोष प्लग, टोपी, वायर किंवा कॉइलकडे शोधायचा.

भाच्यानं लिहिलं, ‘ठिणगी ठीक.’

दुसरी परीक्षा : दाब

आप्पांच्या पेटीत दाब मोजायचं एक गेज होतं. भावानं गाडी एक चक्कर मारून कोमट केली. प्लग काढून त्या भोकात गेज बसवलं. किल्ली बंद, मूठ पूर्ण पिळलेली, म्हणजे हवा मोकळेपणी आत जाईल. मग काटा वर चढायचा थांबेपर्यंत किका मारल्या.

टायरमध्ये आपण २५ ते ३० पौंड हवा भरतो, म्हणजे दोन किलोच्या आसपास. अशा गाडीच्या इंजिनात दहा-बारा किलो तरी दाब यायला हवा. (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.) आमचा काटा सहावरच थांबला!

भावाचा चेहरा पडला. “म्हणजे बोअरच गेला ना?”

“थांब की. हवा कुठून निसटते ते कुठं कळलंय?” असं म्हणत आप्पांनी प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं. दोन किका मारून पुन्हा मोजलं. सहा आणि थोडंसं.

यात काय कळलं, सांगू? बोअर किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर ऑइल त्या फटीत शिरून काही वेळ ती बुजवतं आणि काटा चांगला वर उडतो. इथं तो हललाच नाही. म्हणजे गळती खाली नाही, वर आहे. व्हॉल्व्हपाशी!

तपासणीचा शेवटचा भाग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करायचा होता, म्हणून रात्रभर थांबलो. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं. दार पूर्ण मिटावं म्हणून त्याला ढकलणाऱ्या टॅपेटपाशी केसाएवढी फट ठेवलेली असते. वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत जरा खोल बसतो आणि ही फट कमी होत जाते. त्यात इंजिन तापलं की धातू लांबतो. फट संपली की दार अर्धवट उघडं. फुस्स! सायलेन्सरकडच्या व्हॉल्व्हपाशी आप्पांनी फीलर गेजची सगळ्यांत पातळ पट्टी घालून पाहिली. शिरेचना!

पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे फट ठेवली, बोल्ट आवळले, गाडी कोमट करून पुन्हा दाब मोजला. काटा अकरावर. भाच्यानं ‘११’ एवढा मोठा लिहिला की पुढचं पानही उमटलं.

आप्पा मात्र म्हणाले, “अजूनही काटा चढला नसता, तर इंजिन खोलावंच लागलं असतं. तो माणूस खोटं बोलत नव्हता रे, त्यानं मोजलं नव्हतं. आणि तू आणखी महिनाभर अशीच चालवली असतीस, तर व्हॉल्व्ह जळून खरंच खोलायची वेळ आली असती.”

दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर पोचलं. जूनमध्ये सायकलही आली.

मुलांनो, वर्गात गणित चुकलं की काहीजण नुसतं उत्तर खोडून दुसरा आकडा लिहितात. तोही चुकतो, मग तिसरा. आणि एखादा शांतपणे पायरी पायरी तपासून नेमकी चूक कुठं झाली ते शोधतो. पंधरा दिवस आम्ही उत्तरं खोडत होतो. आप्पांनी पायऱ्या तपासल्या.

एक ताकीद हं! या परीक्षा तुम्ही एकट्यानं करायच्या नाहीत. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात आणि पेट्रोलची वाफ एका ठिणगीनं पेटते. जाणकार मोठ्या माणसाबरोबर, उघड्यावर, इंजिन आणि सायलेन्सरला हात न लावता, उभं राहून बघा. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना तर हात लावण्याआधी कंपनीचं पुस्तक वाचायलाच हवं.

पण वही तुम्हांला कोण अडवतंय? घरातला पंखा, मिक्सर, सायकल, काहीही बिघडलं की दोन रकाने पाडा, मोठ्यांना विचारा आणि लिहीत जा. मग सांगा बरं, वही संपायच्या आत किती दोष सापडले?